जबडा नसलेल्या प्राण्यांचे प्रतिकार-रिसेप्टर दिसतात कसे?

बडोद्यातल्या एम.एस्सी.च्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: "काका, सेमिनारला मला जबडेविहीन पृष्ठवंशी प्राण्यांची प्रतिकारशक्ती हा विषय मिळाला आहे. पुस्तकात जेमतेम चार ओळी आहेत. लॅम्प्रे आणि हॅगफिश यांच्यात इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे आपल्या प्रतिपिंडांची प्रथिनं, नसतात, त्याऐवजी ल्युसिन-रिच रिपीटचे रिसेप्टर असतात, एवढंच. पण ते दिसतात कसे? प्रतिजनाला धरतात कुठे? एकाच साच्याच्या तुकड्यांमधून एवढी विविधता कशी येते? आणि त्यातल्या एकाला टी-पेशींचा रिसेप्टर म्हटलं तर चालेल का?"

हे बघ, दिसतात कसे आणि विविधता कशी येते हे तू दोन प्रश्न म्हणून विचारलेस, पण माझ्या मते तो एकच प्रश्न आहे. रिसेप्टर म्हणजे प्रतिजनाला, शरीरात शिरलेल्या परक्या रेणूला, धरणारं प्रथिन. या रिसेप्टरची घडण अशी आहे की त्याचा जनुक तुकड्यातुकड्यांनी जोडता येतो. घडण नीट कळली की जोडणी निम्मी कळलीच म्हणून समज. प्रथिनांच्या रचनांवर मी तीस वर्षं काम केलं, त्यातली बरीचशी इथे बडोद्यात शिकवण्यात गेली. विद्यार्थी हा विषय जनुकापासून सुरू करतात आणि कॅसेट, डीअमिनेज या शब्दांत हरवतात, हे मी दरवर्षी पाहिलं. म्हणून आपण आकारापासून सुरुवात करू.

आधी प्राणी डोळ्यांसमोर आण. लॅम्प्रे म्हणजे वामसारखा लांबट, खवले नसलेला, गोल चोषक तोंडाचा जलचर. तो थंड प्रदेशांतला. विश्वामित्रीत, महीत किंवा नर्मदेत तो सापडणार नाही, त्यामुळे आपल्यापैकी बहुतेकांची त्याच्याशी ओळख चित्रातूनच होते. त्याची पिल्लं कित्येक वर्षं नदीच्या गाळात राहून पाणी गाळून जगतात. हॅगफिश समुद्राच्या तळाशी राहतो, मेलेल्या जनावरांवर पोट भरतो आणि डिवचला की ढीगभर चिकट बुळबुळीत स्राव सोडतो. या दोघांची शाखा आणि आपली शाखा सुमारे ५० कोटी वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या. आपली म्हणजे शार्कपासून माणसापर्यंत सगळ्या जबडेवाल्यांची.

१९६४ मध्ये फिन्स्टॅड आणि गुड यांनी समुद्री लॅम्प्रेवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. एका लॅम्प्रेच्या कातडीचा तुकडा दुसऱ्यावर लावला तर तो नाकारला जात होता. ब्रुसेला जिवाणू टोचले तर त्या जिवाणूंच्या गुठळ्या करणारं काहीतरी रक्तात तयार होत होतं. म्हणजे ओळख होती, आठवणही होती. पुढची चाळीस वर्षं लोक लॅम्प्रेत इम्युनोग्लोब्युलिन शोधत राहिले, पण ते नव्हतंच. २००४ मध्ये झीव्ह पॅन्सर, मॅक्स कूपर आणि सहकाऱ्यांनी वेगळी वाट धरली. त्यांनी लॅम्प्रेच्या पिल्लांना प्रतिजनांचं मिश्रण टोचलं, चेतवलेल्या लिम्फोसाइट, म्हणजे प्रतिकाराच्या पांढऱ्या पेशी, वेगळ्या केल्या आणि त्या पेशी कोणते जनुक वाचत आहेत ते पाहिलं. ओळखीच्या कशाशी जुळणारं शोधण्याऐवजी पेशी स्वतः काय बनवते ते पाहायचं, अशी ही पद्धत होती. त्यात एकाच कुळातले, पण प्रत्येक वेळी वेगळा मजकूर असलेले संदेश सापडले. त्यांनाच आपण व्हेरिएबल लिम्फोसाइट रिसेप्टर म्हणतो, थोडक्यात व्हीएलआर. पुढच्याच वर्षी हॅगफिशमध्येही ते मिळाले.

आता आकार. रावपुऱ्यातल्या कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानातून दोन मीटर तांब्याची तार आण आणि ती एका फूटपट्टीवर शेजारी शेजारी वेढे देत गुंडाळ. मग पट्टी हळूच ओढून काढ. हातात चपट्या वेढ्यांची एक स्प्रिंग राहील. ती धनुष्यासारखी वाकव, अशी की वेढ्यांची एक सपाट बाजू आत येईल. आतल्या बाजूचे तारेचे तुकडे एकमेकांना चिकटून समांतर उभे राहतात आणि बाहेरच्या बाजूचे थोडे फाकतात. झाला तुझा व्हीएलआर. मी वर्गात हेच करायचो आणि फळ्यावरच्या कुठल्याही आकृतीपेक्षा ते लवकर पोचायचं.

या तारेचा एक वेढा म्हणजे एक ल्युसिन-रिच रिपीट. व्हीएलआरमध्ये पूर्ण वेढा २४ अमिनो आम्लांचा असतो. त्याच्या आतल्या बाजूच्या भागाची एक ठरलेली लय आहे: ल्युसिन, मग कोणतीही दोन, ल्युसिन, मग कोणतंही एक, ल्युसिन, मग कोणतीही दोन, आणि अॅस्पॅराजिन. ही लय तोंडपाठ कर, पुढचं सगळं हिच्यावर उभं आहे. ल्युसिनला पाणी नको असतं, त्यामुळे ती वेढ्याच्या पोटात वळतात आणि तिथे एकमेकांना बिलगून घट्ट गाभा तयार होतो. अॅस्पॅराजिनं वेढ्यावेढ्यांत हायड्रोजन बंधांची शिडी बांधतात. आणि ती मधली "कोणतीही" आम्लं बाहेर, म्हणजे धनुष्याच्या आतल्या अंतर्वक्र पृष्ठावर तोंड काढून बसतात. साचा सांभाळायची जबाबदारी ल्युसिनवर, म्हणून ती बदलत नाहीत. "कोणतीही"वर कसलंच ओझं नाही, म्हणून ती हवी तशी बदलता येतात. प्रतिजन जिथे टेकतो ती जागा नेमकी हीच.

वेढ्यांची स्प्रिंग तशीच मोकळी सोडली तर दोन्ही टोकांना ल्युसिनचा गाभा पाण्यात उघडा पडेल आणि प्रथिन विस्कटेल. म्हणून दोन्ही टोकांना बुचं असतात. सुरुवातीचं बूच एन-टोकाचं आणि शेवटचं सी-टोकाचं, आणि प्रत्येकात चार सिस्टीन मिळून दोन डायसल्फाइड बंध, म्हणजे गंधकाचे पक्के सांधे, असतात. पूर्ण क्रम असा लागतो: एन-टोकाचं बूच, मग १८ आम्लांचा पहिला आखूड वेढा, मग २४-२४ आम्लांचे बदलते वेढे (कधी एकदोन, कधी बरेच), त्यानंतर ठरावीक खुणेचा शेवटचा वेढा, मग १३ आम्लांचा जोडतुकडा, मग सी-टोकाचं बूच, आणि शेवटी थ्रिओनिन-प्रोलिनने भरलेला देठ. ग्राहक भाग, म्हणजे रिसेप्टरचा प्रतिजन धरणारा भाग, या देठावर पेशीबाहेर उभा असतो. सेमिनारला हा क्रम फळ्यावर काढ, पण वाचून दाखवू नकोस, तारेवर बोट ठेवत सांग.

इम्युनोग्लोब्युलिनशी तुलना इथेच करावी. आपल्या प्रतिपिंडाच्या टोकाला दोन बदलते भाग असतात, एक जड साखळीचा आणि एक हलक्या साखळीचा. प्रत्येक भाग म्हणजे दोन बीटा-पटलं एकावर एक ठेवलेलं सँडविच. बीटा-पटल म्हणजे साखळीच्या शेजारी शेजारी उभ्या तुकड्यांची चादर; तुझ्या स्प्रिंगच्या आतल्या बाजूला तारेच्या तुकड्यांची होते तशीच. फरक असतो तो पटलांना जोडणाऱ्या वळणांत. प्रत्येकी तीन मिळून ही सहा लवचीक वळणं टोकाला जमतात आणि पटलं जवळपास तशीच राहतात. व्हीएलआरमध्ये नेमकं उलट आहे. तिथे फरक कोरलेला आहे तो पटलावरच. शिवाय ग्राहक एकाच साखळीचा, जोडीदार लागत नाही. आणि वेढे कमीजास्त झाले की पकडीचा आवाकाच बदलतो. प्रतिपिंडाचा हात नेहमी एकाच मापाचा, बोटं तेवढी वेगळी. व्हीएलआरचा तळवाच लहानमोठा होतो.

तळव्यावरून आठवलं. मी विद्यार्थ्यांना सांगायचो, पसा करून दाखवा. ओंजळ नव्हे, ती दोन हातांची होते. एका हाताचा पसा. चार बोटं आणि तळवा मिळून जी खोलगट जागा होते ती अंतर्वक्र बीटा-पटल. पण नुसत्या बोटांनी धरलेली वस्तू निसटते, अंगठा लागतोच. व्हीएलआरचा अंगठा आहे सी-टोकाच्या बुचातून पुढे आलेला एक फासा, म्हणजे साखळीचं वळसा घेतलेलं वेटोळं (लूप). तो पटलाच्या कडेवरून खोलगट भागाकडे झुकतो आणि त्याची लांबीही बदलते, मजकूरही बदलतो. पुष्कळ व्हीएलआरमध्ये सगळ्यात जास्त विविधता याच फाशात आहे. पुस्तकातल्या चार ओळींमध्ये हा अंगठा नाही, आणि तो वगळला तर प्रतिजन धरला कसा जातो हे कळूच शकत नाही, म्हणून मी यावर एवढा जोर देतो आहे.

पकड प्रत्यक्ष कशी दिसते ते दोन स्फटिकरचनांवरून सांगतो. पहिली २००८ची. लॅम्प्रेला माणसाच्या ओ गटाच्या लाल पेशी टोचल्या, त्याने त्यांच्याविरुद्ध व्हीएलआर बनवले, आणि त्यातल्या एकाची रचना त्याच्या लक्ष्यासह उलगडली गेली. लक्ष्य होतं एच-प्रतिजनाची तीन साखरांची साखळी: फ्युकोज, गॅलॅक्टोज आणि एन-अॅसिटिल-ग्लुकोसअमिन. ही साखळी बसली आहे बरोब्बर तळवा आणि अंगठा यांच्या बेचक्यात. खाली पटलावरची आम्लं हायड्रोजन बंधांनी तिला धरतात आणि वरून फाशातल्या ट्रिप्टोफॅनचं सपाट कडं साखरेवर टेकतं. साखरेला नेमकं ओळखणं अवघड असतं, कारण ती पाण्याने वेढलेली, सगळीकडून जवळपास सारखीच दिसणारी गोष्ट. तरी लॅम्प्रेने ते साधलं आहे.

आपल्याकडच्या वाचकाला एच-प्रतिजन वेगळ्या नावाने ठाऊक आहे. १९५२ मध्ये मुंबईत डॉ. य. म. भेंडे आणि सहकाऱ्यांनी असे लोक नोंदवले ज्यांच्या लाल पेशींवर ए, बी तर नाहीच, पण त्यांचा पाया असलेलं एचसुद्धा नाही. तोच आपला बॉम्बे ब्लड ग्रुप. नेहमीच्या तपासणीत तो ओ वाटतो, पण ओ रक्त त्याला चालत नाही. रक्तपेढीत तो ओळखायला एच-विरोधी लेक्टिन, म्हणजे साखर धरणारं प्रथिन, वापरतात, युलेक्स नावाच्या झुडपाच्या बियांतून काढलेलं. आता विचार कर: झुडपाचं लेक्टिन आणि लॅम्प्रेचा व्हीएलआर, दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही, घडण पूर्ण वेगळी, आणि दोघंही त्याच साखळीला धरतात. सेमिनारला वैद्यकीय शाखेचं कोणी बसलं असेल तर हे उदाहरण नक्की दे. बॉम्बे गट ऐकताच मागच्या बाकावरचेसुद्धा मान वर करतात.

दुसरी रचना २००९ची. यात लक्ष्य आहे कोंबडीच्या अंड्यातलं लायसोझाइम. या विकराच्या अंगावर एक खोल खाच असते, त्याची जिवाणूंच्या भिंतीतल्या साखरा तोडण्याची जागा. व्हीएलआरचा अंगठा थेट त्या खाचेत शिरला आहे. नेहमीचे प्रतिपिंड बहुधा सपाट किंवा थोड्या उंचसखल पृष्ठावर बसतात, अशा खाचांत शिरणं त्यांना जमत नाही, कारण त्यांचं टोक रुंद, दोन साखळ्यांचं असतं. असं शिरतात ते उंटाचे एकाच साखळीचे प्रतिपिंड, आणि त्याच लायसोझाइमच्या त्याच खाचेत ते शिरल्याचं आधीच माहीत होतं. उंट आणि लॅम्प्रे यांच्यात सामाईक काय, असं विचारलं तर उत्तर आहे पुढे काढलेलं एक लांब बोट. गरज तीच असली की वेगवेगळ्या साच्यांमधून सारखा उपाय निघतो, हे मला रचनाशास्त्राने शिकवलेल्या मोलाच्या गोष्टींपैकी एक वाटतं.

आता विविधतेकडे येऊ. लॅम्प्रेच्या प्रत्येक पेशीत व्हीएलआरचा जनुक जन्मतः अर्धवट असतो. सुरुवातीच्या बुचाचा थोडा भाग आहे, शेवटच्या बुचाचा थोडा भाग आणि देठ आहे, आणि मधे निरर्थक मजकूर. या अर्धवट जनुकाच्या दोन्ही बाजूंना वेढ्यांचे आणि बुचांच्या तुकड्यांचे शेकडो नमुने पसरलेले असतात. लिम्फोसाइट तयार होताना या नमुन्यांमधला मजकूर एकामागून एक मधल्या रिकाम्या जागेत उतरवला जातो आणि निरर्थक भाग निघून जातो. शेवटी एक पूर्ण जनुक होतो, आणि एका पेशीत एकाच गुणसूत्रावरचा. म्हणजे एका पेशीवर एकच ओळख, अगदी आपल्या प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी-पेशींसारखं.

आपली पद्धत कात्रीची आहे. आरएजी-१ आणि आरएजी-२ ही प्रथिनं डीएनए ठरावीक खुणांवर कापतात, दोन तुकडे जोडतात, मधलं फेकून देतात. लॅम्प्रेची पद्धत झेरॉक्सची. नमुना जागच्या जागी शाबूत राहतो, त्याची नक्कल तेवढी उतरते. तिथे आरएजीने ओळखाव्यात अशा खुणा नाहीत. मग पुढचा तुकडा कुठे चिकटवायचा हे कसं कळतं? इथे पुन्हा त्या लयीकडे ये. प्रत्येक वेढ्यात ल्युसिनची आणि अॅस्पॅराजिनची जागा ठरलेली आहे, म्हणून वेढ्यावेढ्याच्या डीएनएमध्ये जागोजागी १० ते ३० अक्षरांचे सारखे पट्टे आपोआप येतात. नक्कल करताना एका नमुन्यावरून दुसऱ्यावर उडी मारली जाते ती याच सारख्या पट्ट्यांवर. आणि सारख्या पट्ट्यावरच उडी मारली जात असल्यामुळे वाचनाची तीन-तीन अक्षरांची चौकट सहसा मोडत नाही. २४ आम्लं म्हणजे ७२ अक्षरं. एक वेढा जास्त आला काय किंवा कमी झाला काय, पुढचा मजकूर बिघडत नाही. सँडविचच्या आकाराच्या प्रथिनात असं मधेच एक पदर वाढवणं शक्य नाही, सगळी घडी कोसळेल. स्प्रिंगला मात्र एक वेढा वाढवता येतो. जी लय प्रथिनाला आकार देते तीच डीएनएला जोडणीची जागा दाखवते, असं मी सुरुवातीला म्हणालो ते हेच.

या कामात हात असतो सिटिडिन डीअमिनेज गटातल्या विकरांचा. आपल्या बी-पेशींत प्रतिपिंडाच्या जनुकात बदल घडवणारं एआयडी नावाचं विकर याच घराण्यातलं. लॅम्प्रेत त्याची दोन भावंडं आहेत: सीडीए-१, जे व्हीएलआर-ए जुळवणाऱ्या पेशींत दिसतं, आणि सीडीए-२, जे व्हीएलआर-बीसाठी लागतं. सीडीए-२चा जनुक मोडलेल्या लॅम्प्रेमध्ये व्हीएलआर-बी जुळत नाही, ए आणि सी मात्र जुळतात, हे प्रयोगाने दाखवलं गेलं आहे. एकूण किती वेगवेगळे ग्राहक होऊ शकतील याचा अंदाज २००५ मध्ये मांडला गेला: १ कोटी गुणिले १ कोटी, म्हणजे १ वर १४ शून्यं. आपल्या प्रतिपिंडांच्या शक्यतांच्या तोडीचीच ही संख्या. अर्थात एका लहानशा लॅम्प्रेच्या अंगात एवढ्या पेशीच नसतात, त्यामुळे कोणत्याही एका प्राण्याकडे या भांडाराचा छोटासा हिस्साच असतो. हे वाक्य सेमिनारला जरूर बोल, कारण मोठा आकडा ऐकला की परीक्षक नेमका हाच प्रश्न विचारतात.

व्हीएलआर-बी पेशीच्या पृष्ठावर असतो आणि प्रतिजन भेटल्यावर रक्तात सोडलाही जातो. सोडलेलं रूप फार देखणं आहे. देठाच्या टोकाच्या सिस्टीनांनी दोन-दोन ग्राहक जोडले जातात आणि अशा चार किंवा पाच जोड्या एकत्र येतात, म्हणजे ८ ते १० पसे एका मुठीतून चहूबाजूंना फाकलेले. आपलं आयजीएम हे प्रतिपिंड आठव: पाच एकक, दहा पकडी. एकेका पशाची पकड बरेचदा माफक असते, पण लक्ष्य जिवाणूच्या किंवा बीजाणूच्या पृष्ठावर एकसारखं पुन्हा पुन्हा मांडलेलं असेल तर दहा माफक पकडी मिळून सुटणं अशक्य होतं. अँथ्रॅक्सचे बीजाणू टोचलेल्या लॅम्प्रेने त्यांच्या बाह्यावरणातल्या बीसीएलए या प्रथिनाविरुद्ध असेच व्हीएलआर-बी बनवले. हे रेणू उष्णता आणि आम्लतेतले मोठे फेरफारही सोसतात. घट्ट ल्युसिन गाभा आणि दोन्हीकडची डायसल्फाइडची बुचं लक्षात घेतली तर त्यात नवल नाही. या टिकाऊपणामुळेच कोरियातल्या संशोधकांनी व्हीएलआरच्या साच्यावरून रिपीबॉडी नावाची कृत्रिम बंधक प्रथिनं घडवली आहेत. पण तो वेगळा विषय, सेमिनारला एक ओळ पुरे.

तुझा शेवटचा प्रश्न सगळ्यात नाजूक आहे. व्हीएलआर-ए, बी आणि सी हे तीन प्रमुख प्रकार, आणि प्रत्येक वेगळ्या लिम्फोसाइटवर. २००९ मध्ये असं दिसलं की व्हीएलआर-बीच्या पेशी आपल्या बी-पेशींसारख्या वागतात, आणि व्हीएलआर-एच्या पेशी टी-पेशींसारख्या: त्या ग्राहक रक्तात सोडत नाहीत, टी-पेशींना चेतवणाऱ्या द्रव्याने वाढतात, आणि टी-पेशींत दिसणारे जनुक वाचतात. २०११ मध्ये पिल्लांच्या कल्ल्यांच्या टोकांवर थायमससारखं (आपल्या टी-पेशी घडतात त्या ग्रंथीसारखं) ऊतक सापडलं, थायमॉइड, आणि फसलेल्या जोडणीचे व्हीएलआर-ए फक्त तिथेच मिळाले. म्हणजे जोडणीचा कारखाना तोच. २०१३ मध्ये व्हीएलआर-सीच्या पेशींचं चित्र स्पष्ट झालं. त्या आपल्या गॅमा-डेल्टा या प्रकारच्या टी-पेशींशी मिळत्याजुळत्या आणि त्वचा, आतडी अशा अस्तरांत जास्त.

म्हणून माझं उत्तर असं: पेशीला टी-सारखी म्हण, बिनधास्त म्हण. रिसेप्टरला टी-पेशींचा रिसेप्टर म्हणू नकोस. आपला टी-रिसेप्टर इम्युनोग्लोब्युलिनच्या घडीचा आहे, दोन साखळ्यांचा आहे, आणि तो पाहतो एमएचसीच्या, म्हणजे पेशीच्या पृष्ठावर प्रथिनांचे तुकडे मांडून दाखवणाऱ्या रेणूच्या, खोबणीत ठेवलेला पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाचा छोटा तुकडा. लॅम्प्रेत एमएचसी सापडलेलं नाही. व्हीएलआर-ए घडणीने व्हीएलआर-बीचा सख्खा भाऊ आहे, तीच स्प्रिंग, तीच बुचं. प्रयोगशाळेत यीस्टवर मांडलेला व्हीएलआर-ए लायसोझाइमसारखं अखंड प्रथिन धरू शकतो, त्याचीही स्फटिकरचना झाली आहे. म्हणजे नातं पेशींमध्ये आहे, रेणूंमध्ये नाही. पेशींचे दोन-तीन वंश आपल्या आणि लॅम्प्रेच्या सामाईक पूर्वजाकडे आधीपासून होते, आणि त्यांच्या हातात ग्राहक देताना दोन्ही शाखांनी वेगवेगळी प्रथिनं निवडली, असा त्याचा सरळ अर्थ निघतो. व्हीएलआर-सीच्या रचनेत आणखी एक गंमत आहे. त्याच्या सी-टोकाच्या बुचाला तो पुढे आलेला फासाच नाही. पसा आहे, अंगठा नाही. तो जे ओळखतो ते ओळखण्याची रीत बीपेक्षा वेगळी असणार, हे केवळ आकारावरून म्हणता येतं.

इथे एक खड्डा आहे, त्यात पडू नकोस. हॅगफिशमध्ये सुरुवातीला दोन व्हीएलआर सापडले आणि त्यांना ए आणि बी अशी नावं दिली गेली. २०१३ मध्ये तिसरा मिळाल्यावर लक्षात आलं की हॅगफिशचा जुना "ए" हा लॅम्प्रेच्या सीचा जोडीदार आहे, आणि नवा सापडलेला हाच खरा ए. २००७ची पहिली स्फटिकरचना हॅगफिशच्या रिसेप्टरांची होती आणि तिच्यातली नावं जुन्या पद्धतीची आहेत. जुना निबंध आणि नवा निबंध शेजारी ठेवून तक्ता केलास तर रकाने चुकतील. माझ्या एका विद्यार्थ्याचा प्रबंध याच कारणाने दुरुस्तीला परत आला होता, म्हणून कळकळीने सांगतो.

आणखी एक विनंती. स्लाइडवर "आदिम प्रतिकारशक्ती" असं लिहू नकोस. लॅम्प्रे आपला पूर्वज नाही, तो आपल्याइतकाच आजचा आहे, ५० कोटी वर्षं स्वतःच्या वाटेने चाललेला. त्याचा रिसेप्टर आपल्या रिसेप्टरची कच्ची आवृत्ती नाही, स्वतंत्रपणे पूर्णत्वाला गेलेली दुसरी रचना आहे. तिचं मूळ शोधायचं तर आपल्या स्वतःच्या रक्तात पाहावं लागतं. आपल्या बिंबिकांवर, म्हणजे प्लेटलेटवर, ग्लायकोप्रोटीन वन-बी-अल्फा नावाचा रिसेप्टर असतो. जखम झाली की व्हॉन विलेब्रँड घटक या रक्तातल्या प्रथिनाला धरून बिंबिकांना जागेवर थांबवतो तो हाच. तो नसला किंवा बिघडला की बर्नार्ड-सूलिये हा रक्तस्रावाचा आजार होतो. त्याचीही घडण ल्युसिन-रिच रिपीटची, आणि त्याच्या सी-टोकाच्या बुचातूनही एक फासा पुढे आलेला. व्हीएलआरशी सगळ्यात जवळचं साम्य याच रेणूचं आहे, आणि व्हीएलआर अशाच एखाद्या पूर्वज-जनुकातून निघाले असावेत, असं मानलं जातं. रक्त थांबवणाऱ्या हातातून रोग ओळखणारा हात घडला, असं म्हणायला हरकत नाही.

सेमिनारपूर्वी एक काम कर. प्रोटीन डेटा बँकेतून एच-साखळीसह असलेली २००८ची रचना उतरवून घे आणि कॉम्प्युटरवर फिरवून बघ. आधी फक्त ल्युसिन रंगव, ती सगळी पोटात दिसतील. मग पटलावरची "कोणतीही" आम्लं रंगव, ती सगळी एकाच बाजूला येतील. शेवटी सी-टोकाचा फासा रंगव आणि साखर दाखव. नंतर तीच तांब्याची तार हातात घेऊन त्या चित्राशी ताडून बघ. काही अडलं तर रविवारी सकाळी कमाटीबागेत म्युझियमसमोरच्या बाकावर ये. मी सात ते नऊ तिथे असतो, आणि फूटपट्टी माझ्या पिशवीत असतेच.